माडाची सावली आणि माजघरातली पेटी

२०२४ चा मे महिना. दुपारी साडेबाराला शेजारच्या काकांकडे कैऱ्या द्यायला गेले होते. काकांनी महिन्याभरापूर्वीच गच्चीवर सोलर बसवलं होतं, चांगलं तीन किलोवॅटचं. सहा पॅनेलं उन्हात अशी तळपत होती की वर बघवत नव्हतं. आणि खाली पडवीत काका उघड्या अंगाने बसून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेने वारा घेत होते.

"लाइट गेलीय," काका म्हणाले.

"मग सोलर?"

"तेच त्या माणसाला विचारतोय सकाळपासून. उचलतोय कुठे फोन!"

मी हायस्कूलला गणित शिकवते. दापोली तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम तीन किलोमीटरवर आमचं घर. त्या दिवसापर्यंत माझीही समजूत काकांसारखीच होती, की गच्चीवर ऊन आहे म्हणजे घरात वीज आहे. घरी येऊन दोन संध्याकाळी वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. काकांची पॅनेलं ठणठणीत होती. पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा, लाइनला जोडलेला डबा म्हणजे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. तो बाहेरून येणाऱ्या विजेच्या तालावरच चालतो. बाहेरची वीज गेली की त्याने स्वतःला बंद करायचं, असा नियमच आहे. कारण खांबावर चढलेला वायरमन. तो लाइन बंद आहे असं समजून तारेला हात लावणार आणि काकांच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज येत असली तर? म्हणून भर दुपारी, लख्ख उन्हात, पॅनेलं नुसती तापत राहतात.

काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मी स्वतः भाव काढायला निघाले तेव्हा आलेल्या पहिल्या माणसाने मलाही छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, लाइट गेली तरी तुमचं सगळं चालू." मी विचारलं, बॅटरी कुठे आहे यात? त्याने विषय बदलून पॅनेलची पंचवीस वर्षांची वॉरंटी काढली.

आमच्याकडे प्रश्न बिलाचा नव्हताच मुळात. बिल दोन-सव्वादोन हजार येतं, ते परवडतं. प्रश्न लाइट जाण्याचा होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथे असलेल्यांना जास्त सांगायला नको. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कौलं पानांसारखी उडाली, विजेचे खांब वाकून रस्त्यावर आले. आमच्या वाडीत लाइट सव्विसाव्या दिवशी आली. सासूबाईंचं इन्सुलिन मी तेवढे दिवस माठात ठेवत होते. माठाभोवती ओलं फडकं, खाली ओली वाळू. दर दोन तासांनी फडकं भिजवायचं. रात्रीचा गजर लावून उठायची मी त्यासाठी. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आलं, तेव्हा माठ आधीच भरून ठेवला होता.

त्यामुळे सोलरवाले आले की पहिला प्रश्न विचारायचे, "किती किलोवॅटचं घेताय?" त्यावर मी त्यांना थांबवून वेगळंच गणित मांडायची. लाइट गेल्यावर या घरात काय चालू राहिलं पाहिजे? माझ्या मते खरेदी इथून सुरू होते. मी मासळीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर यादी केली. फ्रिज: इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला, दिवसाला साधारण एक युनिट, म्हणजे रात्रीचं अर्धं. तीन पंखे: जुने पंचाहत्तर वॅटचे होते, ते काढून तीस वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले (हे काम सोलर घ्या न घ्या, आधी कराच), दहा तासांचं ०.९ युनिट. नऊ वॅटचे सहा दिवे, पाच तास, पाव युनिटाच्या थोडं वर. वायफायचा डबा, ०.१२. एकूण रात्रीला १.८ युनिट.

बस्स. एवढीच आमची रात्र. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

यादीत पंप नाही, मिक्सर नाही, इस्त्री नाही. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजारेक वॅट खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कैक पट मागतो. तेवढ्या एका क्षणासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यायचा का? विहिरीला रहाट आहे, माणसांना हात आहेत. नवऱ्याला हे पटलं नाही. दोन दिवस तो रहाटाकडे बघून सुस्कारे टाकत होता.

मग भाव. डिसेंबरपर्यंत सावकाश चार जणांकडून घेतले. आमचा खप महिन्याला सरासरी २१० युनिट. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी, मार्च-एप्रिलला जास्त. म्हणजे दोन किलोवॅट पुरे. पण चारपैकी तिघांनी तीन किलोवॅटचाच आग्रह धरला, कारण पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं अनुदान आहे. तीनला मिळून ७८,०००. त्यापुढे कितीही लावा, एक रुपया वाढत नाही. "अठरा हजार सोडून देताय मॅडम!" अहो, ते अठरा हजार मिळवायला मी वरून तीस-चाळीस हजार घालणार, आणि जास्तीची वीज वर्षअखेरीस कवडीमोलाने देणार. नेट मीटरमध्ये आपण लाइनला दिलेली युनिटं बिलातून वजा होतात, उरली तर पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला जे शिल्लक राहतं त्याला मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दराच्या जवळपासही नसतो. खपाएवढंच लावावं. वाढणारं घर असेल, गाडी विजेवर घ्यायची असेल तर वेगळं. आमचा मुलगा पुण्यात असतो आणि इथे आला की फक्त झोपतो.

दोन किलोवॅटचं साधं ऑन-ग्रिड १,३५,००० ला मिळत होतं. ६०,००० अनुदान गेलं की पंचाहत्तर हजार. साडेतीन वर्षांच्या आत वसूल. हे गणित इतकं सोपं आहे की नववीच्या मुलांना घालावं, आणि मी घातलंही.

तेच हायब्रिड, म्हणजे बॅटरी जोडता येणारा, इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेतली की २,८५,०००. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीवर नाही. म्हणजे दीड लाख जास्त, आणि या दीड लाखाने बिलात एका पैशाचाही फरक पडत नाही. नेट मीटर असताना लाइन हीच आपली फुकटची बॅटरी असते. दिवसा टाकायचं, रात्री काढायचं. जो कुणी तुम्हाला सांगेल की बॅटरीने पैसे वाचतात, त्याला वही-पेन द्या आणि मांडून दाखव म्हणा. दहा वर्षांची वॉरंटी धरली तर दीड लाख भागिले १२० महिने. दरमहा साडेबाराशे रुपये, अंधार नसण्याचे.

इथे मी महिनाभर अडले. मधला मार्ग आहे, आणि बहुतेकांनी तोच घ्यावा असं माझं आजही मत आहे: ऑन-ग्रिड सोलर आणि शेजारी आपला नेहमीचा घरगुती इन्व्हर्टर, शिशाच्या एका ट्यूब्युलर बॅटरीचा. पंचवीस-तीस हजारांत होतं. दोन-चार तास लाइट जाते तिथे त्याला तोड नाही. पण तो इन्व्हर्टर चार्ज होतो लाइनवरून. लाइनच सव्वीस दिवस नसली तर दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग कपडे वाळत घालायला. हायब्रिडचं तसं नाही. लाइट गेली की तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो, वायरमनला धोका राहत नाही, आणि पॅनेल-बॅटरी-घर असा आपला छोटा संसार चालू ठेवतो. आभाळ भरलेलं असलं तरी थोडंफार भरत राहतं. मला माठ आठवला आणि मी सही केली.

बॅटरीत शिसं की लिथियम, यावर आमच्या इलेक्ट्रिशियनशी वाद झाला. तो जुन्या वळणाचा, माणूस भला. त्याचं म्हणणं, दीडशे एएचच्या चार ट्यूब्युलर घ्या, कुठेही दुरुस्त होतात. आकड्यात ७.२ युनिट भरतात खऱ्या. पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाती येतात साडेतीन. शिवाय डिस्टिल्ड वॉटर, तारा जोडतात त्या टोकांवरची पांढरी बुरशी, प्रत्येकी पन्नास-साठ किलो वजन, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा तोच खर्च. लिथियम आयर्न फॉस्फेटची ५.१२ युनिटांची एक पेटी पन्नास किलोच्या आत. नव्वद टक्के वापरली, इन्व्हर्टरची तूट वजा केली तरी चार युनिट हाती. आमच्या दोन रात्री. (लिथियममध्येही प्रकार आहेत. घरात ठेवायला फॉस्फेटवालीच बघा; ती तापण्याच्या बाबतीत बरीच शांत.)

सोलरवाले पेटी माळ्यावर ठेवू म्हणत होते. कौलांखालच्या माळ्यावर एप्रिलमध्ये मांजरसुद्धा जात नाही, तिथे बॅटरी काय टिकणार? घरातली सगळ्यात गार जागा माजघर. सासूबाई म्हणाल्या, "हा कसला पेटारा गं? आणि आवाज का करत नाही?" आवाज न करण्याबद्दल त्यांना अजूनही संशय आहे.

आता माड. आमच्या घराचा पुढचा भाग कौलारू, मागच्या स्वयंपाकघरावर तेवढी गच्ची, बावीस फूट बाय चौदा. दक्षिणेला वीस फुटांवर सासूबाईंनी लग्नाच्या वर्षी लावलेला माड. आलेल्या प्रत्येकाने मान वर करून एकच सांगितलं: तोडा. सासूबाई पडवीत बसून ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही.

शाळेत मी दरवर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावातल्या मुलांना बोलावून शून्य सावलीचा दिवस दाखवते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीखाली गडप. त्यामुळे मला एवढं माहीत होतं की मेमध्ये सावली बघून काही कळणार नाही. सूर्य सगळ्यात खाली उतरतो डिसेंबरात. २२ डिसेंबरला, रविवारी, मी सकाळी नऊपासून खडू घेऊन गच्चीवर बसले. दर अर्ध्या तासाने माडाच्या सावलीची कड काढायची आणि वेळ लिहायची. आपल्या अक्षांशावर त्या दिवशी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून एकोणपन्नास अंशांवर असतो. गच्चीपासून माडाचा शेंडा एकोणतीस फूट वर. सावली पंचवीस फूट यायला हवी. माड वीस फुटांवर, म्हणजे गच्चीवर पाच. आली साडेपाच. खडूची रेघ आणि वहीतलं उत्तर इतकं जुळलेलं बघून मला जो आनंद झाला तो सोलरचा नव्हता, त्रिकोणमितीचा होता.

संध्याकाळपर्यंत गच्चीवर एक मोठा खडूचा पंखा उमटला होता. त्याच्या बाहेर, ईशान्येच्या कोपऱ्यात, चार पॅनेलं बसतील एवढी जागा कोरडी राहिली. एक ५४५ वॅटचं पॅनेल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार. चार म्हणजे २.१८ किलोवॅट. जमलं. माड राहिला.

सावलीचं एवढं कौतुक का, तर पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे. एका झावळीची सावली पडली तरी तिच्याबरोबर न झाकलेले सेलही मार खातात. झाकलेला भाग टाळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, त्यामुळे पूर्ण पॅनेलऐवजी त्याचा तिसरा हिस्सा जातो, पण जातो. आणि माडाखाली काचेचं सामान मांडायला नको हे सांगायला अभियंता लागत नाही. झावळी पडते, नारळ पडतो, आणि वानरं नारळ टाकतात. शेवटची दोन वेगळी संकटं आहेत.

पॅनेल कुठल्या कंपनीचं यावर लोक सगळ्यात जास्त डोकं घालतात. मी सगळ्यात कमी घातलं. अनुदान हवं तर सेलसकट भारतात बनलेलं, ज्याला हे लोक डीसीआर म्हणतात ते, लागतंच. थोडं महाग पडतं. मोनो (एकसंध स्फटिकाच्या सेलचं) आहे ना, प्रत्येकावरचा नंबर बिलावर आहे ना, एवढं पाहिलं. मी डोकं घातलं लोखंडावर. इथला खारा वारा दोन पावसाळ्यांत गेटाच्या बिजागऱ्या खातो. रंग दिलेला सांगाडा दाखवणाऱ्याला मी आमच्या गेटाकडे नेलं. सांगाडा गरम जस्तात बुडवलेला, नट-बोल्ट स्टेनलेसचे, हे कोटेशनमध्ये लिहून घेतलं. पॅनेलला खाऱ्या हवेच्या चाचणीचा दाखला आहे का, हेही विचारलं. चारपैकी एकालाच प्रश्न कळला, आणि काम त्यालाच दिलं. उंच मांडव करून खाली बसायला जागा करू, असंही एक जण म्हणाला. निसर्गनंतर आमच्या गावात गच्चीवर उंच काही उभारायची कुणाची छाती नाही. आमची पॅनेलं गच्चीपासून दीड फुटावर, बारा अंशांच्या उतारावर, दक्षिणेकडे तोंड करून. स्लॅबला भोक पाडू दिलं नाही. त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे बांधून घेतले. कोकणात गळकी गच्ची म्हणजे कायमचा पाहुणा.

आणि अर्थिंग. खाली जांभा. उन्हाळ्यात तो इतका कोरडा ठणठणीत होतो की तीन फूट खणलं तरी ओल नाही, आणि ओल नाही तर अर्थिंग नावापुरतं. सोलरवाल्यांनी जमिनीचा रोध मोजायचा मीटर लावला, मोठा आकडा बघून मान हलवली. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियननेच तोडगा काढला: न्हाणीचं पाणी सोडतो तिथे, अळवाच्या वाफ्याशेजारी, खड्डे घ्या. बारमाही ओल. पॅनेलचं आणि घराचं अर्थिंग तिथे गेलं. आभाळातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचं मात्र माणसांच्या वाटेपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात, वेगळं. आकडा झटक्यात उतरला. अळू आधीसारखंच येतं.

बाकी कटकटी बऱ्याचशा माझ्याच. बिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. अर्ज, बँक खातं, बिल, सगळीकडे एकच नाव लागतं. ते बदलण्यात महिना गेला. तुमचंही बिल आजोबांच्या नावावर असेल तर पॅनेल बघायच्या आधी ते काम करा. दुसरी कटकट न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जाते त्या तारेची. महत्त्वाचे दिवे-पंखे-फ्रिज वेगळ्या लाइनवर घ्यायचे तर त्यांचा न्यूट्रलही वेगळा हवा. आमच्या तीस वर्षांच्या वायरिंगमध्ये सगळे न्यूट्रल एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. देवघरातला दिवा लावला की मेन ट्रिप. ते सोडवण्यात एक अख्खा दिवस आणि सात कप चहा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळं सुरू झालं. सप्टेंबरात सरकारने सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. असो.

खरी परीक्षा जुलैत झाली. संध्याकाळी सात वाजता कुठेतरी झाड पडलं आणि लाइट गेली. बॅटरी शंभर टक्के. सकाळी सहाला एकसष्ट. दिवसभर कोसळत होता, समोरचा डोंगर दिसत नव्हता. तरी चार पॅनेलांनी मिळून २.६ युनिट दिले. (मार्चमध्ये हीच दिवसाला दहा देत होती.) त्यातले १.१ युनिट घराने खाल्ले, बाकी पेटीत. संध्याकाळी शहाऐंशी. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला लाइट आली तेव्हा सत्तेचाळीस टक्के शिल्लक. पस्तीस तास. सासूबाई दर तासाला विचारत होत्या, "किती उरलंय?" जसं पूर्वी कणगीतलं भात विचारायच्या. नवऱ्याने रहाटाने पाणी ओढलं आणि दोन दिवस पाठ दाखवत फिरला. काका मोबाइल चार्ज करायला आले. येताना लग्नपत्रिका नव्हती.

पण मला सांगायचंय ते मेमधलं. २०२५ ला पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच उतरला, त्याआधीही आभाळ येऊन-जाऊन होतं, आणि आंबापोळी वाळायला ऊन मिळेना. मधेच एक दिवस कडकडीत उघडलं. मी घरातच पेपर तपासत होते, मोबाइलवर सोलरचा आलेख उघडा. सुंदर कमान चढत होती आणि अकराच्या सुमारास तिला एक छोटा खड्डा पडला. आभाळात ढग नाही. माड त्या वेळी त्या बाजूला येत नाही, मी स्वतः रेघा मारल्यात. खड्डा साधारण आठ टक्क्यांचा. बाराव्या हिश्शाएवढा. बारावा हिस्सा म्हणजे चार पॅनेलांपैकी एकाचा तिसरा भाग.

वर गेले. कोपऱ्यातल्या पॅनेलवर, खालच्या चौकटीला व्यवस्थित टेकवून, आंबापोळीचं मोठं ताट. वर मलमलचं फडकं, चारी कोपऱ्यांना कोयींचं वजन. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, जिना चढून.

"आई, अहो त्याच्यावर सावली पडलेली चालत नाही."

"काच तापते छान," त्या म्हणाल्या. "खालून पण ऊब लागते. तुझ्या त्या पेटाऱ्याला काय, उद्या भर."

संध्याकाळी ताट खाली आणलं. पोळी एका दिवसात सुकली होती, कडेपर्यंत.